खडा कोंदणात बसवायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

मृगजा

नमस्कार मंडळी.

मोत्यांच्या नथी, तन्मणी, चिंचपेट्या हे तारेत ओवायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. आता चांदीत घडवायला लागले आहे. करवतीनं कापणं, कानसणं, डाक देणं (म्हणजे झाळून जोडणं) बऱ्यापैकी जमतं. साध्या अंगठ्या, जोडवी, कानातले होतात. पण खडा बसवायचा म्हटला की गाडी अडते.

यूट्यूबवर व्हिडिओ ढिगानं आहेत. बहुतेक अमेरिकेतले. तिथल्या बायका 'बेझल वायर', म्हणजे खड्याभोवती भिंतीसारखी लावायची पट्टी, आयती विकत आणतात, पुण्यात दुकानदार माझ्या तोंडाकडे बघत राहतो. काही प्रश्न:

पट्टी कसली, किती जाडीची आणि कुठून घ्यायची? मापं कशी काढायची? पहिला खडा कोणता घ्यावा? माझ्याकडे जयपूरहून आणलेले मूनस्टोन आहेत, थोडे अकीक आहेत, आजीच्या तुटक्या कुडीतला एक पाचू आहे आणि सिन्नरहून आणलेले अ‍ॅपोफिलाइटचे दोन सुंदर हिरवट स्फटिक आहेत.

गोंदानं चिकटवा, असं कृपया सांगू नका. ते मलाही येतं. :)

झब्बू

रुमाल टाकून ठेवतो. बायको खांद्यावरून वाचते आहे.

गुजरीकर

ताई, घडणारा आणि खडे बसवणारा ही आमच्या धंद्यात दोन वेगळी माणसं असतात. आमच्या कोल्हापूरच्या गुजरीत घ्या, नाहीतर मुंबईच्या झवेरी बाजारात घ्या. एक जण घडवतो, दुसरा खडे बसवतो, तिसरा पॉलिश करतो. झवेरी बाजारात तर या कामात बंगाली कारागीरच जास्त, आणि काय हात आहे त्यांचा! तुम्ही दोन्ही एकटीनं करणार. त्यात एक सोय आहे. खडा पक्का बसणार की नाही, हे तो आत टाकायच्या आधीच ठरलेलं असतं. तळ सपाट आहे का, भिंत खड्याला लागून आहे का, उंची बरोबर आहे का. एवढं साधलं तर दाबायचं काम शेवटचं आणि थोडं. नाही साधलं तर कितीही दाबा, काही उपयोग नाही.

आता पट्टी. 'बेझल वायर' मागू नका. सराफ कट्ट्याच्या आसपास पट्टी-तार ओढून देणारे असतात, त्यांच्याकडे जा. शुद्ध चांदीची पट्टी सांगा, ९९९ची. जाडी ०.३ मिमी, रुंदी ३ मिमी. ९२५ची घेऊ नका. त्यात तांबं असतं, ती कडक पडते, दाबली की परत उठते. शुद्ध चांदी लोण्यासारखी वळते. तळाला मात्र ९२५ चालेल, अर्धा मिमी किंवा किंचित जाड. पट्टी ओढल्यावर कडक होते, म्हणून वापरण्याआधी तिला ताव द्या, म्हणजे तापवून मऊ करा. अंधाऱ्या कोपऱ्यात मंद लाल दिसली की बास, त्यापुढं नाही.

पहिला खडा: गोल, वरून फुगीर, खालून सपाट, ८ ते १० मिमीचा. पैलूवाला नको. अकीक घ्या.

मृगजा

काका, खूप धन्यवाद! 'लोण्यासारखी' वाचूनच बरं वाटलं. पट्टी किती लांब कापायची? दर वेळी दोरा गुंडाळून मोजते पण जमत नाही.

दूरदेशी

मी इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमला. इथल्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये संध्याकाळचे वर्ग असतात, तिथे शिकले. (इथलं स्कूल ऑफ ज्वेलरी १८९० पासून चालू आहे. खडे बसवणं हा तिथेही स्वतंत्र विषय आहे, गुजरीकरकाका म्हणतात तसाच.)

दोरा ताणला जातो, म्हणून माप चुकतं. गणित करा. खड्याचा व्यास अधिक पट्टीची जाडी, गुणिले ३.१४. म्हणजे १० मिमीचा खडा आणि ०.३ची पट्टी असेल तर १०.३ × ३.१४, साधारण ३२.३ मिमी. जाडी मिळवायची विसरायची नाही, एक मिमीचा फरक तिथेच पडतो.

अंडाकृती खड्याला लांबी-रुंदीची सरासरी घेतात. १० × १४च्या खड्याला सरासरी १२, त्यात ०.३, गुणिले ३.१४, म्हणजे ३८.६. पण अंडाकृतीचा खरा परीघ सरासरीपेक्षा किंचित जास्त असतो, या मापाला जवळजवळ पाव मिमी. त्यामुळे ३९च्या आसपास कापा आणि कानसत कानसत खाली या. लांब असली तर कमी करता येते. किंचित आखूड झाली तर गोल दांड्यावर चढवून हलके ठोके दिले की थोडी ताणली जाते, पण तो शेवटचा उपाय.

दोन्ही टोकं अशी जुळली पाहिजेत की दिव्यापुढं धरल्यावर फटीतून उजेड दिसता कामा नये. डाक फट भरत नाही. ती फक्त जोडते.

गुजरीकर

+१. आणि डाक कुठं वळवायची ते ज्योतीनं ठरवायचं. डाक नेहमी जास्त तापलेल्या बाजूला धावते. पट्टी पातळ, तळ जाड. ज्योत पट्टीवर धरली तर पट्टी वितळून गोळा होणार आणि तळ थंडच राहणार. म्हणून तळ खालून तापवा. डाकेचे तुकडे पट्टीच्या आतल्या बाजूला टेकवून ठेवा, टाकणखार (बोरॅक्स) दोन्हीकडे नीट लावा. तळ तापला की डाक झपकन गोल फिरते. एक चमकती रेघ पट्टीच्या बुडाशी पळताना दिसेल. दिसली की ज्योत काढा. तिथं मोह आवरावा लागतो.

मृगजा

दोन्ही वेळा एकच डाक वापरायची का?

दूरदेशी

नाही. पट्टीचा जोड आधी, तो हार्ड डाकेनं. मग पट्टी तळाला लावायची ती मीडियम किंवा ईझीनं. हार्ड साधारण ७७० अंशांना वाहते, ईझी ७१५च्या आसपास, बनवणाऱ्यानुसार थोडं वरखाली. शुद्ध चांदी ९६१ला वितळते, पण ९२५ त्याच्या बरीच आधी, ८००च्या जरा वर गेली की घसरायला लागते. म्हणजे हाताशी फार जागा नसते.

विकत घेताना डाक कॅडमियमविरहित आहे का, हे विचाराच. सोन्यातलं 'केडीएम' ऐकलं असेल. त्यात डाकेत कॅडमियम असायचं. दागिना घालणाऱ्यापेक्षा तो करणाऱ्याच्या फुफ्फुसांना त्याचा धूर वाईट. खोलीत हवा खेळती ठेवा. स्वयंपाकघरात हे काम करू नका, प्लीज.

शेवंता

धागा छान चाललाय. माझा प्रश्न घरगुती आहे. सासूबाईंना गुरुजींनी पोवळं सांगितलंय आणि अंगठी 'खालून उघडी' हवी, खडा बोटाला टेकला पाहिजे असं म्हणतात. सोनार म्हणतो जास्त घडणावळ लागेल. खरंच एवढं अवघड असतं का?

गुजरीकर

अवघड नाही, पण काम वाढतं ते खरं. बंद कोंदणाला तळ असतो, खडा त्यावर बसतो. उघड्याला तळ नाही, मग खडा टेकवायचा कशावर? त्यासाठी पट्टीच्या आत दुसरी बारीक पट्टी किंवा तार लावतात, ती कडेनं खड्याला तोलते. किंवा आधी तळ लावून मग आतून करवतीनं कापून काढतात, कडेला मिमीभर कठडा ठेवून. त्यात करवतीची पाती मोडतात ती वेगळी. सोनाराचं चुकत नाही वहिनी.

पोवळ्याला मात्र एक जपा. ते मऊ असतं. खडा बसवल्यावर त्याला आम्लात घालायचं नाही, लिंबू नाही, चिंच नाही.

तर्कट

खडा बोटाला टेकल्यानं मंगळ शांत होतो, हे कोणत्या प्रयोगातून सिद्ध झालं?

झब्बू

तर्कटपंत, टेकल्यानं सोनाराच्या घरात शांतता नांदते, हे सिद्ध आहे.

दूरदेशी

ज्योतिषाचा वेगळा धागा काढा, इथे नको. :)

पण उघड्या तळाला दुसरंही कारण आहे. पारदर्शक खड्याला खालून उजेड मिळतो, रंग खुलतो. शिवाय खाली अडकलेला साबण, पीठ, क्रीम धुऊन काढता येतं. कणीक मळणाऱ्या बायकांच्या अंगठ्या बंद कोंदणाच्या असतील तर कडेला काय काय साठलेलं असतं ते भिंगातून बघा एकदा. नको, बघू नका.

गारगोटी_प्रेमी

दगडांच्या बाजूनं लिहितो. (खडे बसवत नाही, गोळा करतो.) मृगजाताईंची यादी वाचून मला थोडी धास्ती वाटली.

मूनस्टोन हा फेल्स्पार. कठीणपणा (दहापर्यंतच्या मोह्स मापावर) ६ ते ६.५, पण खरी अडचण ती नाही. त्याला दोन दिशांना, जवळजवळ काटकोनात, स्वच्छ फुटायची सवय असते. बाजूनं जोर दिला की आतून पापुद्र्यासारखी भेग जाते. पहिला खडा म्हणून नकोच. आधी अकीक. कठीणपणा ६.५ ते ७, आणि सूक्ष्म कण घट्ट विणलेले असल्यानं चिवट. धातू घासून चमकवायला कारागीर ज्या ओपण्या (बर्निशर) वापरतात, त्याही अकीकाच्या मिळतात. यावरून काय ते समजा.

सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयातले हिरवट अ‍ॅपोफिलाइट मीही पाहिलेत, जीव जडावा असेच. पण दागिन्यात घालायला नालायक. कठीणपणा ४.५ ते ५, एका दिशेला अगदी सहज चिरतात, आणि त्यांच्या बांधणीतच पाणी असतं. गरम केले की पांढरे पडून पापुद्रे सुटतात. आपल्या दख्खनच्या बेसाल्टात पोकळ्या भरल्या त्या अशाच नाजूक खनिजांनी. स्टिलबाइट, ह्यूलांडाइट, वाघोलीचं निळं कॅव्हन्साइट. बघायला अप्रतिम, बोटात घालायला नाही. त्याच पोकळ्यांत अकीक आणि अ‍ॅमेथिस्टही मिळतात, ते मात्र खुशाल वापरा.

अ‍ॅपोफिलाइटचं पेंडंट करायचंच असेल तर वरच्या टोकाला टोपी करा, नाहीतर तारेचा सैल पिंजरा. दाबायचं काहीच नको.

मृगजा

अरे देवा. आणि पाचू?

गारगोटी_प्रेमी

पाचू कठीण असतो, ७.५ ते ८. पण बहुतेक पाचवांमध्ये जन्मतः भेगा असतात आणि त्या तेलानं भरलेल्या असतात, हा व्यवहारच आहे. ताप लागला, अल्ट्रासोनिक सफाई यंत्रात टाकला, वाफेनं धुतला, की तेल निघून जातं आणि भेगा दिसायला लागतात. काल हिरवागार होता, आज पांढऱ्या रेषा. दुकानदारानं बदलला म्हणून भांडणं होतात, खडा तोच असतो.

माणकांतही एक गोष्ट लक्षात ठेवा. हल्ली शिसेयुक्त काच भरलेली माणकं खूप येतात. दिसायला लालबुंद, भाव कमी. त्यातल्या काचेवर लिंबाच्या रसासारखं साधं आम्लसुद्धा डाग पाडतं. जुना दागिना दुरुस्तीला आला आणि त्यात माणिक असेल, तर ते काच भरलेलंच आहे असं धरून चाला.

दूरदेशी

म्हणून क्रम ठरलेला आहे: सगळं झाळकाम, मग आम्लात सफाई, मग कानस-पॉलिश, सगळ्यात शेवटी खडा. खडा बसल्यावर ज्योत नाही. अंगठी मोठी-लहान करायची असेल तर ती आधीच.

सफाईला तेजाबाची गरज नाही. सायट्रिक अ‍ॅसिडचं कोमट पाणी पुरतं, जरा वेळ लागतो एवढंच. त्यात लोखंडी चिमटा मात्र घालायचा नाही. लोखंड गेलं की पाण्यातलं तांबं चांदीवर चढतं आणि सगळा माल गुलाबी होतो. तांब्याचा, लाकडी किंवा प्लास्टिकचा चिमटा वापरा.

अनुस्वार

थोडं अवांतर. कुंदनात खडे कसे बसवतात? आमच्या घरच्या जुन्या तन्मणीच्या खोडात (पदकात) खड्यांच्या कडेला सोनं आहे, पण नख्या नाहीत, पट्टी दुमडलेलीही दिसत नाही. लोक म्हणतात आत लाख असते.

गुजरीकर

लोक बरोबर म्हणतात. आमच्याकडं हे काम फारसं होत नाही, जयपूरचं खरं. तिथं एक दागिना चार हातांतून जातो. चितेरा नक्षी काढतो, घडिया सोन्याचा घाट करतो, मीनाकार मागच्या बाजूला मिना भरतो आणि जडिया खडे जडवतो. घाटाच्या पोकळीत लाख भरतात, तिच्यात सुरमा मिसळतात. तापवून मऊ केलेल्या लाखेवर डांक ठेवतात, म्हणजे चमक यायला चांदीचा पातळ वर्ख, त्यावर खडा. मग खड्याच्या कडेच्या फटीत शुद्ध सोन्याच्या बारीक पट्ट्या पोलादी सळईनं दाबून दाबून भरतात. डाक नाही, गोंद नाही, ज्योत नाही.

गारगोटी_प्रेमी

याच्यामागचं कारण भारी आहे. शुद्ध सोन्यावर हवेतल्या प्राणवायूचा थर चढत नाही. त्यामुळे दोन स्वच्छ पृष्ठभाग दाबले की सोनं सोन्याला थंडच चिकटतं, एकजीव होतं. म्हणून तिथे २४ कॅरेटच लागतं. २२ कॅरेट घेतलं तर त्यातलं तांबं आडवं येतं.

गुजरीकर

बरोबर. हॉलमार्क सक्तीचा झाला तेव्हा कुंदन, पोलकी, जडाव यांना वगळलं, तेही यामुळंच. लाख, खडा, वर्ख, सोनं सगळं एकत्र, कस काढणार कशाचा?

अनुस्वार, तुमचं तन्मणीचं खोड दुरुस्तीला द्याल तेव्हा आत लाख आहे हे आधी सांगा. अनेकांना माहीत नसतं. ज्योत जवळ आणली की लाख उकळून बाहेर येते, खडे तरंगायला लागतात. आणि गरम पाण्यात धुऊ नका. ओलसर मऊ कापड, बास.

अनुस्वार

बरं झालं विचारलं. आई दर गौरीला रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवते. आता फोन करतो.

मृगजा

मंडळी, मी अपडेट घेऊन आले. पट्टी रविवार पेठेत एका पट्टीवाल्यानं ओढून दिली, 'शुद्धची कशाला, वाकेल की' असं तीनदा म्हणून. १० मिमीचा गोल अकीक घेतला. पट्टीचा जोड आणि तळाचा जोड दोन्ही झाले. खडा आत जातो, किंचित सैल. आता दोन शंका. एक, भिंत किती उंच ठेवायची? दोन, चाचपणीला आत घातलेला खडा बाहेर कसा काढायचा? सुईनं उचकटायला गेले तर कड ओरखडतेय.

दूरदेशी

खडा आत घालण्याआधी आडवा दोरा टाकायचा. दात साफ करायचा डेंटल फ्लॉस उत्तम. दोन्ही टोकं बाहेर ठेवायची. ओढलं की खडा वर. आता अडकला असेल तर कोंदणाची वाटी उलटी करून लाकडावर हलकेच आपटा, नाहीतर मेणाचा गोळा वरून चिकटवून ओढा.

उंचीचं असं की खडा बाजूनं बघा. खालचा भाग उभा असतो, मग कुठेतरी तो आत झुकायला लागतो. भिंत त्या जागेच्या थोडी वर हवी, म्हणजे दुमडल्यावर तिला पकड मिळते. अगदी बरोबरीला असली तर खडा सुटतो, फार उंच असली तर सुरकुत्या पडतात आणि खडा झाकला जातो. दहाच्या साध्या खड्याला दोन-अडीच मिमी भिंत बहुधा पुरते. जास्त उंच असेल तर आत्ताच सँडपेपरवर वाटी उपडी धरून गोल गोल घासा, एकसारखी खाली येईल.

सैल म्हणजे किती सैल? हलवल्यावर टकटक वाजत असेल तर पट्टी मोठी आहे. नुसता सहज पडतो, पण बाजूला सरकत नाही, असं असेल तर बेत बरोबर.

मृगजा

सहज पडतो, सरकत नाही. :)

गुजरीकर

मग आता दाबायचं. इथं घाई करू नका, सविस्तर सांगतो.

अंगठी किंवा पेंडंट आधी पक्कं धरता आलं पाहिजे. आम्ही लाकडी दांड्याच्या टोकाला लाख लावून, ती मऊ असताना दागिना रुतवतो. तुमचं पेंडंट असलं तर तसंच करा. अंगठी असली तर लाकडी शिकंज्यात, चामडं लावून.

पुशर म्हणजे काय, एक बोथट चौकोनी पोलादी दांडी, मूठ तळहातात बसेल अशी. टोक गुळगुळीत पाहिजे पण आरशासारखं नको, घसरतं. घड्याळाची तबकडी समजा. बारावर दाबा, मग समोर सहावर. मग तीनवर, मग नऊवर. मग त्यांच्या मधल्या जागा, परत समोरासमोर. एका बाजूनं सुरू करून गोल फिरत गेलात तर खडा एका अंगाला सरकतो, आणि पट्टीचं जास्तीचं सगळं ढकलत ढकलत शेवटच्या जागी येतं. तिथं चुणी पडते, ती मग काही जात नाही.

दाब आधी आडवा, भिंत खड्याला भिडेपर्यंत. मग हळूहळू मूठ वर उचलत तिरका, पंचेचाळीस अंशांवर, म्हणजे कड खड्यावर झोपते. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं. एका फेरीत संपवायचं नाही. दुसऱ्या हाताचा अंगठा पुशरच्या पुढं टेकवून ठेवा, निसटला तर अंगठ्यावर अडेल, खड्यावर जाणार नाही. तोच अंगठा थोडा दुखेल, सवय होते.

चार-पाच फेऱ्यांनी कड जवळजवळ बसली की मग ओपणी. तेलाचा किंवा थुंकीचा ओलावा देऊन कडेवरून घासत जायचं, लांब लांब. बारीक लाटा असतील तर त्याच मोडतात आणि कडेला झळाळी येते.

बसला की नाही कसं बघायचं? कानाजवळ धरून टिचकी मारा, आवाज ठोस यायला हवा. मग कापसाचा बारीक पुंजका कडेवरून फिरवा. तंतू अडकला तर तिथं कड अजून उठलेली आहे.

झब्बू

काका, हे छापून भिंतीवर लावतो.

शेवंता

थुंकी??

गुजरीकर

वहिनी, तेल वापरा. :D

मृगजा

बसला! टिचकीचा आवाज ठोस, कापूस अडकत नाही. गोलात एकही चुणी नाही. आता १० × १४चा अंडाकृती केला, तोही बरा आला, पण दोन निमुळत्या टोकांना बारीक घड्या पडल्या. त्या ओपणीनं जात नाहीत. काय करू?

दूरदेशी

अंडाकृतीत तसं होतंच, कारण वळण टोकांना जास्त आणि बाजूंना कमी. जास्त वळणाच्या जागी पट्टीला जास्त आकसावं लागतं. म्हणून सुरुवात टोकांपासून. आधी दोन्ही टोकं दाबा, समोरासमोर, मग लांब बाजू. बाजू आधी झोपवल्या की उरलेलं सगळं टोकांकडे ढकललं जातं. आत्ताच्या घड्या फार खोल नसतील तर पुशरनं नाही, छोट्या हातोडीनं बोथट पंचावर हलके ठोके देत बघा. मग बारीक कानस आणि ओपणी. कानशीच्या ज्या बाजूला दात नसतात ती खड्याकडे ठेवा. आणि कड फार पातळ होऊ देऊ नका, रोज घालायची वस्तू असेल तर झिजते.

तर्कट

एक सरळ प्रश्न. एवढं सगळं करण्यापेक्षा चार नख्यांचं आयतं कोंदण आणून अमेरिकन डायमंड बसवला तर सोपं नाही का?

गुजरीकर

दिसायला सोपं. नखीत खडा बसवायचा तर प्रत्येक नखीला आतून खाच पाडावी लागते, खड्याची कंबर तिथं अडकते. खाच सगळ्या नख्यांना एका उंचीवर पाहिजे, नाहीतर खडा वाकडा. खाच नखीच्या जाडीच्या निम्म्यापेक्षा खोल गेली की नखी कमजोर, दाबताना मोडते. शिवाय खड्याचं खालचं टोक कशाला टेकलं तर दाबताच उडतं. हे सगळं भिंगातून करायचं. सरावाला अमेरिकन डायमंड चांगला आहे, स्वस्त आहे, कठीणही आहे. पण आधी पट्टी, मग नखी. आणि नखी साडीला, ओढणीला अडकते, रोजच्या वापराला मी कधी सुचवत नाही.

अनुस्वार

मुंबईत पद्धतशीर शिकायचं असेल तर?

दूरदेशी

अंधेरीला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ जेम्स अँड ज्वेलरी आहे, रत्नं-दागिने निर्यात परिषदेची. त्यांचे अभ्यासक्रम बघून घ्या. रत्नपारखच शिकायची असेल तर जीआयए (जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका) आणि जीआयआय (जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया) याही मुंबईत आहेत, पण ते खडा ओळखायला शिकवतात, बसवायला नाही. दोन्हीची गल्लत करू नका.

मृगजा

शेवटचं विचारते. चौकोनी अकीक आहे, १२ × १२, कोपरे किंचित गोलावलेले. तोही टोकांपासूनच दाबायचा का? आणि कोपऱ्यात पट्टी वाकवताना तुटते.

गुजरीकर

होय, कोपरे आधी, समोरासमोर. मग बाजू. बाजू आधी झोपवल्यात तर कोपऱ्यात कान उभे राहतात, ते कापूनच काढावे लागतात.

तुटण्याचं कारण ताव. वाकवण्याआधी पट्टीला ताव दिला होता का? आणि वाकवायच्या जागी आतून त्रिकोणी कानशीनं उथळ खाच घ्या, जाडीच्या निम्म्याच्या आत. मग बोटांनी वाकवा, चिमट्यानं नाही. वाकल्यावर त्या खाचेत आतून कणभर हार्ड डाक वाहवा, म्हणजे कोपरा मजबूत होतो. जोड मात्र कोपऱ्यावर कधी आणू नका, सरळ बाजूच्या मधोमध ठेवा.

झाला की फोटो टाका. बाजूनं काढलेला. वरून काढलेल्या फोटोत सगळ्यांचेच खडे चांगले बसलेले दिसतात.